शाळकरी मूल घरातलं आजारपण सांभाळत असेल तर

हजेरीपटावर एखाद्या मुलाच्या नावापुढे दर मंगळवारी आणि शुक्रवारी गैरहजेरी दिसत असेल, तर ते मूल शाळा बुडवतंय असं लगेच ठरवू नका. घरात कुणाचं तरी डायलिसिस सुरू असण्याची शक्यता आहे. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा करावं लागतं आणि दर वेळी साधारण चार तास जातात. आई नाशिकमधल्या अंबडच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेली असते. मग पप्पांना रिक्षात बसवून नेणं, फाईल सांभाळणं आणि परत आणणं आठवीतल्या पोराच्या वाट्याला येतं. अर्धांगवायू झालेल्या आजोबांजवळ दुपारभर बसणारी सहावीतली मुलगी असते. आईची शुगर तपासून वहीत लिहून ठेवणारा मुलगा असतो. नाशिकच्या सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड या भागांतल्या कुठल्याही मोठ्या शाळेत अशी मुलं सापडतात. ती स्वतःहून काही सांगत नाहीत, कारण आपण वेगळं काही करतोय असं त्यांना वाटतच नाही.

इंग्लंडमध्ये २०१४च्या कायद्यानुसार अशा मुलांची गरज तपासणं ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी आहे. आपल्याकडे ते काम वर्गशिक्षक, आशाताई (वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्त्या), शेजारी नाहीतर एखादी मावशी-आत्याच करू शकते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. आजारी असलेल्या आई-वडिलांनाही यातलं बरंच काही अंथरुणावरून करता येईल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. ‘किती समजूतदार पोर आहे’ हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो, पण त्या कौतुकापायी मुलाला ‘मला जमत नाही’ असं म्हणता येईनासं होतं. कौतुक जरूर करा, पण त्याच दिवशी त्याच्या हातातलं एक काम काढून घ्या.

ओळखायचं कसं

गैरहजेरीचा वार आणि वेळ बघा. औषधाला, ओपीडीला, ड्रेसिंगला ठरलेले वार असतात. मधल्या सुट्टीत घरी पळणारं मूल, पहिल्या तासाला पेंगणारं मूल, सहलीचा विषय निघाला की गप्प होणारं मूल, यांच्याकडे लक्ष ठेवा. वहीचं शेवटचं पान बघा. एका मुलीच्या गणिताच्या वहीमागे औषधांचं वेळापत्रक होतं: सकाळी पांढरी अर्धी, दुपारी गुलाबी, रात्री दोन, आणि त्याखाली ‘जेवल्यावरच’ हे शब्द दोनदा अधोरेखित केलेले. घरातलं औषधपाणी तीच बघत होती आणि शाळेत कुणालाही पत्ता नव्हता.

द्राक्षाच्या हंगामाकडे विशेष लक्ष द्या. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव पट्ट्यात जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी-पॅकिंगच्या कामाला घरातली मोठी माणसं पहाटे निघतात. आजारी माणूस मुलांवर पडतो तो नेमका याच महिन्यांत, आणि दहावी-बारावीची परीक्षाही तेव्हाच असते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घरी जाऊन ‘हंगामात आजीजवळ कोण बसणार?’ एवढं विचारलं, तर फेब्रुवारीतली धावपळ बरीच वाचते.

मुलाशी बोलताना

सगळ्या वर्गासमोर विचारू नका, ऑफिसात बोलावून टेबलापलीकडे उभंही करू नका. वर्ग झाडताना, वह्या उचलताना, घराच्या दिशेने चालताना बोला. ‘घरी काही प्रॉब्लेम आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही मॅडम’ हेच उत्तर मिळतं. त्यापेक्षा साधे, उत्तर देता येतील असे प्रश्न घ्या: शाळेतून गेल्यावर पहिल्यांदा काय करतोस? रात्री कितीदा उठावं लागतं? स्वयंपाक कोण करतं? पप्पांना अचानक त्रास झाला तर कुणाला फोन लावतोस? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कुणालाच नाही’ असं आलं, तर पुढचं सगळं सोडून आधी त्याची सोय करा.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला विचारेन’ एवढं म्हणा आणि ते पाळा.

बऱ्याच घरांत मुलाला आजाराचं नावच सांगितलेलं नसतं. काम मात्र सगळं करायचं असतं. मग ते दवाखान्याच्या रांगेत ऐकलेल्या अर्ध्या वाक्यांवरून मनात काहीतरी रचत बसतं. आजाराचं नाव, तो संसर्गजन्य आहे का, उपचार काय चालले आहेत आणि तो मुलाच्या वागण्यामुळे झालेला नाही, या चार गोष्टी त्याला त्याच्या वयाला कळेल अशा भाषेत कळायला हव्यात. कॅन्सर शिवल्याने होत नाही. टीबी हवेतून पसरतो, पण गोळ्या नियमित घेतल्या तर बरा होतो. त्या घरातल्या मुलांचीही तपासणी करून गरजेप्रमाणे प्रतिबंधक औषध दिलं जातं, तेव्हा ती तपासणी टाळू नका. आणि ‘आता तूच घरातला कर्ता’ हे वाक्य कुणीही, कितीही मायेने, मुलाला म्हणू नये.

एक आठवडा लिहून काढा

मदत करायची तर आधी ओझं किती ते कळलं पाहिजे. भिंतीवरच्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू घ्या, सात रकाने आखा आणि आठवडाभर मुलाला फक्त वेळ आणि काम लिहायला सांगा. ‘साडेपाचला उठलो, पाणी तापवलं. सहाला आजीला बसवलं. साडेसहाला चहा-बिस्किट, गोळी.’ काय वाटतं वगैरे लिहायची गरज नाही. आठवड्याच्या शेवटी तो कागद घरातल्या मोठ्यांसमोर ठेवा. ‘थोडीफार मदत करतो तो’ असं म्हणणाऱ्या काकांना तो कागद वाचताना वेगळं काही सांगावं लागत नाही.

कागदावर तीन रंगांच्या पेनांनी खुणा करा. जे काम मुलाने केलं तरी चालेल ते हिरव्याने. मोठं माणूस सोबत असेल तरच चालेल ते निळ्याने. मुलाकडून काढूनच घ्यायचं ते लाल रंगाने. झोप वेगळी मोजा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास, त्यापुढच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. रात्री दोनदा उठणाऱ्या मुलाचे तास मोजले, की पहिल्या तासाला पेंगण्याचं कारण समोर येतं.

कुठलं काम मुलाचं, कुठलं नाही

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त धोका इथेच आहे.

पाणी देणं, पेपर वाचून दाखवणं, उशी नीट करणं, सोबत बसून गप्पा मारणं, गोळी घेतली की कागदावर खूण करणं ही कामं मुलांनी जरूर करावीत. त्यातून आपण आजी-आजोबांच्या उपयोगी पडतोय याचं समाधान मुलालाही मिळतं, ते हिरावून घेऊ नका. बारा-तेरा वर्षांचं मूल वरण-भाताचा कुकर लावू शकतं. पण रुग्णाला घरी ऑक्सिजन सुरू असेल, तर त्या खोलीत शेगडी, देवापुढचा दिवा, उदबत्ती काहीच पेटलेलं नको, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगा.

मोठ्या माणसाला एकट्या मुलाने उचलायचं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे काम खरंच गरजेचं आहे, म्हणून ते मोठ्या माणसाच्या वेळापत्रकात बसवा. मदत म्हणून दुसऱ्या बाजूने चादर धरणं एवढंच मुलाचं काम. चादरीने सरकवायची पद्धत जिल्हा रुग्णालयातल्या किंवा जवळच्या शहरी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना दाखवायला सांगा. घरातल्या दोघांनी जाऊन शिकून या.

आंघोळ, लघवीचं भांडं, डायपर ही कामं मुलाकडे असतील तर ती आधी काढून घ्या. चौदा वर्षांच्या मुलीने वडिलांचं किंवा मुलाने आईचं हे सगळं करणं दोघांनाही अवघड होतं आणि कुणी बोलून दाखवत नाही. दिवसातून एकदा येणाऱ्या आयाबाईंचा खर्च कसा काढायचा, हा प्रश्न नातेवाइकांपुढे मांडायचा तर याच कारणासाठी मांडा. शहरात राहणाऱ्या दोन-तीन भावंडांनी वाटून घेतला तर तो झेपण्यासारखा असतो.

औषधांचं गणित मुलाने करायचं नाही. डॉक्टर १-०-१ असं लिहितात, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. रविवारी मोठ्या माणसाने बसून आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत भराव्यात. मुलाने फक्त त्या वेळेचा खण पुढे करायचा. गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून सुट्या ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्यात गोळीचं नाव आणि मुदत दोन्ही कापली जातात. पट्टी अख्खी ठेवा. ‘आज बरं वाटतंय, अर्धीच दे’ असं पप्पा म्हणाले तर काय करायचं, हेही मुलाला आधीच सांगा: आईला किंवा डॉक्टरांना फोन, स्वतः ठरवायचं नाही. इन्सुलिनचा डोस मोठ्या माणसानेच मोजावा. वापरलेली सुई घंटागाडीच्या कचऱ्यात सुटी टाकू नका. झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि दवाखान्यात नेऊन द्या.

भरती, ऑपरेशन, संमतीपत्र या ठिकाणी अठरा वर्षांखालच्या मुलाची सही चालत नाही. ‘मोठं कोणी आहे का बरोबर?’ हा प्रश्न खिडकीवर ऐकून पंधरा वर्षांचा पोर हातात फाईल घेऊन तसाच उभा राहतो. दवाखान्याच्या तारखेला कोण मोठं माणूस जाणार, हे आदल्या रविवारीच ठरवा.

आणखी एक. घरात भाऊ-बहीण दोघं असतील तर कामाचा कागद पुन्हा बघा. बहुतेक घरांत सगळी कामं मुलीच्याच नावावर दिसतात, ती धाकटी असली तरी. भावाला चपात्या येत नसतील तर शिकवा. तोपर्यंत भांडी आणि आजोबांची दुपार त्याच्याकडे द्या.

दारामागचा कागद

एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दारामागे चिकटवा: रुग्णाचं नाव आणि आजार, सुरू असलेली औषधं, कुठल्या औषधाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, फोन लगेच उचलतील अशा तीन मोठ्या माणसांचे नंबर, आणि रुग्णवाहिकेचा १०८. त्याखाली पत्ता, खाणाखुणांसकट. सिडकोत स्कीमचा नंबर, चौक आणि जवळचं मंदिर किंवा किराणा दुकान लिहा. गल्ली अरुंद असेल तर रुग्णवाहिका कोपऱ्यावर उभी राहते. तिला वाट दाखवायला चौकात कोण जाणार, हे शेजारच्या काकूंशी आधीच बोलून ठेवा. मूल रुग्णाजवळून हलणार नाही.

त्या घरातल्या आजाराप्रमाणे दोन-तीन वाक्यं जोडा. मधुमेह असेल तर: घाम, थरथर, बरळणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, १०८ लावायचा. फिट येत असेल तर: कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान सरकवायचं, तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा-चप्पल नाही. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली तर १०८. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळू लागलं तर तो लकवा असू शकतो. किती वाजता सुरू झालं ते बघून लगेच १०८ लावायचा, कारण रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. हा कागद वाचून एकदा खोटीखोटी तालीम करा. मुलाला घराचा पत्ता फोनवर मोठ्याने सांगायला लावा. घाबरल्यावर तोंडातून पत्ता निघत नाही, तालीम झालेली असेल तर निघतो.

पंचवटी, तपोवन, रामकुंड परिसरात राहणाऱ्यांनी २०२७च्या सिंहस्थातल्या पर्वणीच्या दिवसांचा आधीच विचार करावा. रस्ते बंद असतात. डायलिसिसचा वार त्या दिवशी येत असेल तर दवाखान्याशी महिनाभर आधी बोला आणि औषधं जास्तीची आणून ठेवा.

बघायला येणारी माणसं

आजारी माणसाला बघायला आपल्याकडे खूप लोक येतात. सफरचंदं, शहाळी येतात. आणि त्या सगळ्यांना चहा कोण करतं? घरातलं तेच मूल. संध्याकाळी सहा ते आठ, म्हणजे नेमक्या अभ्यासाच्या वेळात, सातवीतली मुलगी आईला बघायला आलेल्यांसाठी तिसऱ्यांदा आधण ठेवते, कप विसळते, ‘तुझं कसं चाललंय गं?’ याला ‘बरं आहे’ म्हणते. भेटीची वेळ ठरवून दारावर पाटी लावा आणि चहा होणार नाही हे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पष्ट लिहा. कुणी रागावणार नाही. रागावलं तरी चालेल.

‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणणाऱ्यांना मात्र खरंच सांगा, आणि नेमकं सांगा. ‘मदत करा’ म्हटलं की कुणालाच काय करायचं ते कळत नाही. ‘आत्या, गुरुवारी दोन ते सहा तुम्ही दादांजवळ बसाल का? तेवढ्यात हा क्लासला जाऊन येईल.’ ‘काकू, मंगळवारची भाजी तुमच्याकडून आली तर बरं.’ एका माणसाने आठवड्यातला एकच वार घ्यावा, पण तो न चुकता. मुलाला रोज उगवणाऱ्या नव्या मदतीपेक्षा भरवशाचा एक वार जास्त उपयोगी पडतो.

शाळेत काय करता येतं

वर्गशिक्षकांनी मुख्याध्यापकांना विश्वासात घेऊन आधी सत्राचा विचार करावा. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत सकाळचं सत्र दुपारचं केल्याने कधी कधी अर्धा प्रश्न सुटतो. आईची पाळी आणि मुलाची शाळा यांची सांगड बसली की रुग्णाजवळ सतत कोणीतरी मोठं राहतं. उशिरा येण्याबद्दल रोज सगळ्यांदेखत कारण विचारणं बंद करा. बाकीच्या शिक्षकांना ‘याला उशिराची परवानगी आहे’ एवढंच कळवा, आजाराचा तपशील नको. गृहपाठ कमी पण महत्त्वाचा द्या, आणि बुडालेला धडा समजावायला एक सोबती ठरवून द्या. मूल दिवसातून एकदा घरी फोन करू शकेल अशी सोय ऑफिसात ठेवा. नाहीतर ते मोज्यात मोबाईल लपवून आणतं आणि सापडल्यावर शिक्षा होते.

शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात दाखल करून घ्यावं लागतं. दहावीला बोर्डाची पंच्याहत्तर टक्के हजेरीची अट असते. हजेरी कमी पडतेय असं दिसताच, म्हणजे दिवाळीच्या आधीच, रुग्णाच्या केसपेपरच्या झेरॉक्स जोडून मुख्याध्यापकांमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे काय करता येईल ते विचारा. शाळा सुटलीच असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावी-बारावीला बसता येतं, आणि राज्य मुक्त विद्यालय मंडळाचाही पर्याय आहे. पण हे शेवटचे मार्ग. शाळेत येणं हीच त्या मुलाला दिवसातली एकमेव मोकळी जागा असते, ती आपण होऊन काढून घेऊ नका.

पैशाची बाजू

मुलावर काम पडतं ते बहुतेकदा मोठ्या माणसाला मजुरी बुडवणं परवडत नाही म्हणून. तेव्हा योजनांची कागदपत्रं करणं हीदेखील मुलाला केलेली मदतच आहे.

उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. टोल फ्री नंबर १५५३८८. हृदय, मूत्रपिंड, कॅन्सर यांसाठी शालिमारजवळचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे. टीबीच्या रुग्णाला उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा एक हजार रुपये बँक खात्यात मिळतात. खातं जोडलं आहे ना, ते आशाताईंना विचारा.

मुलासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई-वडिलांपैकी एक नसेल किंवा पालक कॅन्सरसारख्या गंभीर आजाराने अंथरुणाला खिळलेले असतील, तर मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत दरमहा चार हजारांचं प्रायोजकत्व, म्हणजे मुलाच्या संगोपनासाठी मदत आहे, त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे. चौकशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करा. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक आणि फोटो यांचा एकच संच करून चार झेरॉक्स काढून ठेवा, दर खिडकीवर तेच मागतात. आजारी माणसासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो.

या अर्जांच्या निमित्ताने बाल कल्याण समितीचं, म्हणजे अडचणीतल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीचं, नाव काढलं की आई-वडील घाबरतात, मुलाला उचलून नेतील म्हणून. बाल न्याय कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे, पहिला प्रयत्न त्याच्याच घरात आधार देण्याचा असतो. पहिल्या भेटीला वर्गशिक्षक किंवा आशाताई सोबत गेल्या तर ही भीती बरीच कमी होते.

मुलाचं मन

सतत पोट दुखणं, जेवण कमी होणं, चिडचिड, मित्र तुटणं, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी वाक्यं, यातलं काहीही सहज सोडून देऊ नका. जीव देण्याची भाषा असेल तर मुलाला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं. घरात आजार मानसिक असेल किंवा व्यसनाचा असेल तर मूल सगळ्यात जास्त लपवतं, आणि मारहाणही सोसत असू शकतं. तिथे १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावायला कचरू नका.

आठवड्यातले दोन तास तरी मुलाचे स्वतःचे ठरवा: क्रिकेट, नाचाचा क्लास, मित्राच्या गच्चीवर नुसतं बसणं. त्या वेळेत त्याला फोन करून ‘पप्पांची गोळी कुठेय?’ विचारायचं नाही.

रुग्ण गेला तर तेराव्यानंतर घरातली गर्दी ओसरते आणि मुलाचा दिवस अचानक रिकामा होतो. दुःखाबरोबर ‘मी नीट केलं नाही’ ही टोचणी येते, कधी सुटल्यासारखं वाटतं आणि त्याची लाज वाटते. त्याने काय काय केलं, ते नाव घेऊन सांगा. अभ्यासाची घाई महिनाभर नको. बालसंगोपनाच्या फाईलमध्ये मृत्यूचा दाखला जोडायचा आहे, तेवढं मोठ्या माणसाने लक्षात ठेवावं.

जूनमध्ये वर्ग बदलतो, वर्गशिक्षक बदलतात. महापालिकेच्या शाळेतून सातवी-आठवीनंतर मूल दुसऱ्या हायस्कूलला जातं आणि वर्षभर जुळवलेलं सगळं तिथे कुणालाच ठाऊक नसतं. दाखला देतानाच मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने नव्या शाळेला फोन करा: उशिराची सवलत, घरी फोन करायची सोय, हंगामातले अवघड महिने, बालसंगोपनाच्या अर्जाची स्थिती. आणि दारामागच्या कागदावरचे फोन नंबर त्याच आठवड्यात एकदा लावून बघा, वर्षभरात एखादा तरी बदललेला असतो.